अम्मांचा सत्कार

"मी काय बोलनार तुज्या सरास्नी? मी त्या मानसाचं त्वांड सुदीक बगितलं न्हाई!"

"मग माझंच नाव कसं काढलं त्यांनी? दादी, तू कुणाला तरी काहीतरी बोललीच असशील. शेळ्या घेऊन शाळेवरनंच जातेस ना रोज?"

"शाळंवरनं जाती म्हंजी शाळंत जाती का? शेळ्यांचा दाखला काडायचा हाय व्हय मला?"

एरवी या वाक्यावर सायमा हसली असती. आज तिनं दप्तर नव्या गाद्यांच्या थप्पीवर फेकलं आणि ती रडायला लागली. चौदा वर्षांची पोरगी, नववीतली, घामानं चिकटलेल्या गणवेशात दुकानाच्या मधोमध उभी राहून रडत होती आणि तिची दादी जोहराबी दुकान नि घर यांच्या मधल्या दारात, हातात शेळ्यांची काठी घेऊन, हे काय बालंट आलं अशा नजरेनं तिच्याकडे बघत होती.

सायमाची आई समरीन मशीनवर होती. घोटावड्यात शहनवाजचं गाद्यांचं दुकान. कापूस पिंजणं, भरणं, टाके घालणं त्याच्याकडे, खोळी शिवणं समरीनकडे. तिचा पाय पायडलवर चालतच राहिला. निळ्या पट्ट्यांच्या कापडावर शिवण सरळ पुढं जात होती.

"नीट सांग की काय झालं," ती मान वर न करता म्हणाली.

झालं होतं ते असं. जिल्ह्याच्या खो-खो स्पर्धा बारामतीला होत्या, दोन रात्रींचा मुक्काम. शाळेच्या संघाची बारा मुलींची यादी आज, शनिवारी, फळ्यावर लागली. सायमा काही स्टार नव्हती. पळतीला तिसऱ्या तुकडीत जायची, कधी दीड मिनिट टिकायची, कधी लगेच बाद होऊन हसत बाहेर यायची. पण तालुक्याच्या सामन्यात ती बारांत होती आणि आता नव्हती. तिच्या जागी जिचं नाव लागलं होतं ती महिनाभर सरावालाच आली नव्हती.

"मी निषाद सरांकडे गेले. ते म्हणाले, सायमा, तुझ्या घरची परिस्थिती मला माहीत आहे. मुक्कामाचा विषय आहे, तुझ्या दादींना त्रास नको नि तुलाही नको. पुढच्या वर्षी बघू." सायमानं नाक पुसलं. "अम्मी, घरची परिस्थिती म्हणजे काय? आपण काय गरीब आहोत?"

समरीनचा पाय थांबला.

"आणि वर्गातली रेश्मा मला म्हणते, त्यात काय विचारतेस, तुझ्या अम्मीच्या भाषणातच आहे की सगळं."

"कसलं भाषण?" जोहराबींनी विचारलं.

पंधरा दिवसांपूर्वी शाळेच्या क्रीडा दिनाला समरीनला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. माजी राज्यस्तरीय खेळाडू. सायमा त्या दिवशी संघाबरोबर, दुसऱ्या सरांसोबत, पिरंगुटला सामन्याला गेली होती. घरी आल्यावर समरीननं शाल दाखवली, नारळ फोडला, खोबऱ्याच्या वड्या केल्या आणि काय बोललीस असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा म्हणाली, "काय बोलणार, चार शब्द." पालकांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला होता. घरातला एकच फोन त्या ग्रुपवर होता, तो समरीनचा. तो आत्ता मशीनच्या फळीवर, कात्रीशेजारी पडला होता.

सायमानं तो उचलला. समरीनला हात पुढं करता आला असता. तिनं केला नाही. नको म्हणण्यासाठी काहीतरी कारण द्यावं लागलं असतं.

फोनमधून आधी माईकची शिट्टी ऐकू आली, मग समरीनचा आवाज, थोडा चढा, थोडा शहरी. चौदाव्या वर्षी जिल्ह्याच्या संघात निवड कशी झाली, परभणीला एका सामन्यात चार मिनिटं कशी नाबाद पळाली. टाळ्या. मग निषाद सरांचा आवाज, मुलींनो, प्रश्न विचारा. आणि सहावी-सातवीतल्या कुणा पोरीचा बारीक, स्पष्ट आवाज:

"मॅडम, तुम्ही आता रोज कुठला व्यायाम करता?"

व्हिडिओत इथं दोन-तीन सेकंद नुसता वारा होता.

"मुलींनो, खेळायची इच्छा खूप होती," फोनमधली समरीन म्हणाली. "पण लग्न झालं. आमच्या सासूबाईंना ते पसंत नव्हतं. आमच्याकडे अजून घराघरातले विचार बदललेले नाहीत. एकदा सुटलं ते सुटलंच. म्हणून सांगते, तुम्ही सोडू नका."

या वेळच्या टाळ्या आधीपेक्षा मोठ्या होत्या.

जोहराबी ऐकत होत्या. कुणाच्या तरी घरी काही वाईट झाल्याचा निरोप ऐकावा तशा, मान एका बाजूला करून. "परत लाव," त्या म्हणाल्या. सायमानं परत लावलं. 'आमच्या सासूबाईंना' आलं तेव्हा जोहराबींनी सुनेकडे बघितलं.

"दादी, तू अम्मीला खेळू दिलं नाहीस?" सायमानं विचारलं.

बोलायची वेळ हीच होती. समरीननं तोंडसुद्धा उघडलं. पण मशीनचा दोरा गुंतला होता, तो सोडवायला ती वाकली, आणि तेवढ्यात जोहराबी बोलून मोकळ्या झाल्या.

"आसंल बाई. यीस वर्सं झाली. माज्या काय ध्येनात न्हाई." त्यांनी काठी भिंतीला टेकवली, पदर खोचला, काठी पुन्हा उचलली. "शेळ्या वरडाय लागल्यात."

आणि त्या मागच्या दारानं निघून गेल्या.

*

जोहराबींच्या सगळं ध्यानात होतं, हे समरीनला माहीत होतं.

समरीन पौडची. वडील पीरमहंमद बाजारात चपलांचं दुकान चालवायचे आणि सामना असला की दुकानाचं शटर ओढून मैदानावर येऊन उभे राहायचे. बारा ते सोळा ही चार वर्षं समरीन सगळ्या मुळशी तालुक्यात माहीत होती. तिला कुणी पकडू शकत नाही असं पोरी म्हणत. बसलेल्या पोरींच्या पाट्यांमधून ती अशी निघायची की मागची पोरगी खो द्यायची विसरून नुसती बघत राहायची. पेपरात दोनदा फोटो आला. तिला पळणं आवडतं का, हे कुणी विचारलं नाही आणि तिनं स्वतःलाही विचारलं नाही. तिला न सापडणं आवडायचं. लोकांनी बघावं आणि आपण सापडू नये.

बारावीनंतर खेळ थांबला तो आपोआप थांबला. संघ नव्हता, सर नव्हते, बघायला कुणी नव्हतं. एकटीनं सकाळी उठून धावायचं हे तिच्या डोक्यातही आलं नाही. बघणारं कुणी नसताना कुणाला चुकवायचं?

विसाव्या वर्षी लग्न होऊन ती घोटावड्यात आली. पहिल्याच सव्वीस जानेवारीला ग्रामपंचायतीनं नेहमीप्रमाणे शाळेच्या मैदानावर बायकांचा सामना ठेवला होता: गावच्या सुना विरुद्ध शाळेच्या पोरी. लंगडी, संगीत खुर्ची असलं नाही, चांगला खो-खो. सुना पदर खोचून, नाहीतर नणंदेचा पंजाबी ड्रेस घालून उतरायच्या आणि अर्धा गाव हसायला जमायचा. समरीनचं नाव तिच्या सासूनं जाऊन दिलं. "माजी सून इष्टेटची खेळाडू हाय," असं, स्टेटला इष्टेट म्हणत, सरपंचाच्या बायकोला ठणकावून सांगून. आदल्या दिवशी जोहराबी जीपनं पिरंगुटला गेल्या आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन आल्या. मापाला समरीनची चप्पल पिशवीतून नेली होती.

"लुगडं न्हाई, ड्रेस घाल," त्या म्हणाल्या. "पडशील न्हाईतर. लोकं काय म्हनत्यात त्ये मी बगती."

लोक काहीच म्हणाले नाहीत. लोक बघत होते. समरीन पहिल्या तुकडीत उतरली, टाळ्या झाल्या. पाय जड आहेत हे तिला पहिल्या वळणावर कळलं. दुसऱ्या वळणावर छातीत काहीतरी अडकलं. शाळेच्या संघातल्या आठवीतल्या एका पोरीनं, जिचे दात पुढं होते आणि एक वेणी सुटलेली होती, तिच्या पाठीवर थाप मारली. अकरा सेकंद. पंचांनी मोठ्यानं वाचून दाखवले.

"हीच का ती इष्टेटची?" गर्दीतून एक बाई म्हणाली आणि हसणारे हसले. फार कुणी नाही. पाच-सात जण. दुसऱ्या सुना आठ सेकंदांत, पाच सेकंदांत बाद झाल्या, एक तर आपणच पडली, आणि त्या सगळ्या बाहेर येऊन खो-खो हसत एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या. समरीनला ते जमलं नाही. पाय मुरगळला असं सांगून ती लंगडत घरी आली.

"आगं, दम गेलाय तुजा," जोहराबी हळद लावत म्हणाल्या. "दीस-दीस बसून ऱ्हाती मशीनवर. रोज सकाळी जरा पळ माज्यासंगं. शेताकडं जाऊन येत जाऊ. म्हैनाभरात यील परत." सुजलेलं काही दिसत नाही हे त्यांनी बघितलं होतं, तरी हळद लावली.

बूट माळ्यावर गेले. पुढची काही वर्षं सव्वीस जानेवारीला समरीननं काही ना काही कारण काढलं, मग ती गरोदर होती, मग लहान मूल होतं, आणि नंतर कुणी विचारेनासं झालं.

आणि खोटं? तेही तिनं ठरवून सुरू केलं नव्हतं. लग्नानंतर दोन वर्षांनी पौडच्या स्टँडवर तिचे जुने राजू सर भेटले. खेळ सोडलास? म्हणाले. सर नव्यानं बायकांचा संघ बांधत होते, रविवारी ये म्हणत होते. अकरा सेकंद त्यांना सांगायचे नव्हते. ती म्हणाली, "सर, सासरी चालत नाही."

सरांनी 'का' असं विचारलं नाही. हळहळून मान हलवली. मुसलमानाच्या घरची सून, त्यांना तेवढं पुरलं. आणि ते पुरेल, हे समरीनला बोलायच्या आधीच माहीत होतं. त्या दिवशी एस.टी.त बसल्यावर तिला कानशिलं गरम झाल्याचं आठवत होतं. दुसऱ्यांदा, मैत्रिणीच्या लग्नात, ती तेवढी गरम झाली नाहीत. मग माहेरी, मग शिवणाच्या बायकांत, मग डॉक्टरकडे. डॉक्टरनं रक्तदाबाची गोळी लिहून देताना चालायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, आमच्याकडे बायका अशा चालायला जात नाहीत. त्याच डॉक्टरच्या दवाखान्यासमोरून जोहराबी रोज दोन शेळ्या घेऊन टेकडीला जायच्या.

*

सायमा आत जाऊन उशीत तोंड घालून पडली होती. समरीन मागच्या दारानं बाहेर पडली.

जोहराबी तोवर ओढा ओलांडून टेकडीच्या पायवाटेला लागल्या होत्या. अडुसष्ट वर्षांची बाई, चौथीत शाळा सुटलेली, जन्मात कुठला खेळ न खेळलेली. शेळ्या पुढं, काठी खांद्यावर आडवी, अंगात ओढ असल्यासारखी चाल. समरीन घाईनं निघाली. ओढ्यापर्यंत ठीक होतं. चढ लागला तशी तिची मांडी भरून आली. थोडं वर गेल्यावर एका दगडाला हात लावून ती उभी राहिली. समोर अंतर कमी झालं नव्हतं, वाढलं होतं.

"अम्मा!" ती ओरडली. आवाज अर्धवट निघाला. "अम्मा, थांबा की!"

जोहराबींनी वळून बघितलं. थांबल्या. सून वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेत होती, ते वरून बघत उभ्या राहिल्या.

"काय काम हाय?"

"अम्मा, मी... ते भाषण..." दम लागल्यामुळे शब्द तुटत होते आणि ते तुटतायत याचं समरीनला बरं वाटलं, म्हणजे सगळं सांगावं लागणार नाही. "माझ्या तोंडातून गेलं."

"तोंडातनं ग्येलं," जोहराबी म्हणाल्या. "बरं."

"तुम्ही सायमाला खरं का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तुजी आय खोटारडी हाय म्हून? तिच्या म्होरं?" त्यांनी एका शेळीला झुडपातून हाकललं. "पोरीचं नाव काडलं त्येंनी. आदी त्ये बग. माजं काय, माजं वय झालं."

"तुम्हाला राग नाही आला?"

जोहराबींनी काठी खांद्यावरून खाली घेतली. "म्या तुला माप न्हेऊन बूट आनले व्हते," त्या म्हणाल्या. "दुकानदार म्हनला, म्हातारे, कुनाला? म्हनलं, माज्या सुनंला. खेळनारी हाय." त्या वळल्या आणि शेळ्यांमागं चालू लागल्या.

समरीनला त्यांच्यामागं चढून जाता आलं नाही. ती तिथंच दगडावर बसली. खाली घोटावडे दिसत होतं, कारखान्यांचे निळे पत्रे आणि त्यांच्या मधेमधे उरलेली भाताची खाचरं. शाळेचं मैदान दिसत होतं. इतक्या लांबूनही तिकडे बघवेना.

*

शहनवाज तीनला टेम्पो घेऊन आला. जांब्याला कामगारांच्या खोल्यांमध्ये सहा गाद्या पोचवून आला होता, केसांत कापूस होता. समरीननं त्याला निम्मं सांगितलं: सायमाचं नाव काढलं, सरांचा गैरसमज झालाय.

"मग कर की फोन," तो भाताचा घास घेत म्हणाला. "आईची काय हरकत नाही म्हणून सांग. मिटलं. एवढं तोंड पाडून काय बसलाय सगळ्या?"

तिनं फोन केला. सायमा दाराआड उभी होती, तिचे पाय पडद्याखाली दिसत होते.

"सर, सायमाची आई बोलतेय. बारामतीचं विचारायचं होतं. आमच्या अम्मांची काही हरकत नाही मुक्कामाला."

"काय सांगता!" निषाद सर तरुण होते, आवाज लगेच चढायचा. "म्हणजे तयार झाल्या?"

आता फक्त एवढंच म्हणायचं होतं, की सर, त्या नाही कधी म्हणाल्याच नव्हत्या. पडद्याखालचे पाय हलले.

"हो," समरीन म्हणाली.

"मॅडम, तुमच्या भाषणाचा परिणाम आहे हा! मी तेव्हाच म्हणालो हेडसरांना. सायमाचं नाव आत्ता टाकतो, फॉर्म सोमवारीच जायचाय. तुम्ही काळजीच करू नका."

पडद्याआडून सायमा धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. शहनवाज म्हणाला, "बघ, होतं का नाही?"

साडेपाचला ग्रुपवर मेसेज आला. सरांनी मनापासून लिहिला होता, हात जोडलेली तीन चित्रं आणि एक फूल घालून. 'आज आपल्या शाळेसाठी आनंदाचा दिवस! ज्या घरात वीस वर्षांपूर्वी एका गुणी खेळाडूचा खेळ थांबला, त्याच घरातल्या आजींनी आज नातीला स्वतःहून परवानगी दिली. विचार बदलू शकतात! सोमवारी परिपाठाला श्रीमती जोहराबी यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्यात येईल. सर्व पालकांनी उपस्थित राहावे.' खाली अंगठे येत होते. टाळ्या येत होत्या. कुणीतरी लिहिलं, 'उशिरा का होईना, अभिनंदन आजी.'

समरीननं फोन उलटा ठेवला. त्यानं काही फरक पडणार नव्हता. संध्याकाळी जोहराबी साखर आणायला किराणावाल्याकडे गेल्या. त्या परत आल्या तेव्हा साखरेबरोबर बातमीही घेऊन आल्या.

"गोजराबाई भ्येटली," त्या पिशवी ठेवत म्हणाल्या. "म्हनली, बरं केलं जोहराबी, सुनंवर केला त्यो जुलूम नातीवर न्हाई केला. माजा हात धरून म्हनली. पानी व्हतं तिच्या डोळ्यांत." त्या जरा थांबल्या. "सोमवारी नारळ द्यायचाय म्हनं मला."

शहनवाजला हसू आलं. "आई, तुझा सत्कार? कशाबद्दल?"

"सुदारले म्हून," जोहराबी म्हणाल्या.

शहनवाजनं बायकोकडे बघितलं. मग समरीननं उरलेलं निम्मं सांगितलं. भाषण, राजू सर, डॉक्टर, सगळं. उभ्यानं, ओट्याला पाठ लावून, कुणाच्याही तोंडाकडे न बघता. मधेच तिला जाणवलं, की आपण अकरा सेकंद सोडून बाकी सगळं सांगतोय. मग तेही सांगितलं. सायमा ऐकत होती. शहनवाजचा चेहरा हळूहळू असा झाला, की तिला वाटलं तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"वीस वर्षं?" तो म्हणाला. "माझ्या आईला? दुकानात गिऱ्हाइकं मला म्हणायची, तुमच्यात कडक असतं ना फार. मी म्हणायचो, नाही हो. ती हसायची."



"अम्मी, म्हणजे तू फक्त हरलीस म्हणून सोडलंस?" सायमानं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच कळत नव्हतं. "मी तर दर सामन्यात बाद होते."

पोरीनं इतकं सहज म्हटलं होतं की समरीनला खाली बसावंसं वाटलं.

*

रविवारी सकाळी समरीन अंघोळ करून आली तेव्हा जोहराबींनी ट्रंक उघडली होती. पलंगावर दोन साड्या होत्या, एक मोतिया, एक हिरवी, दोन्ही ईदला नेसायच्या.

"कंची नेसू गं?" त्यांनी विचारलं. "सरांम्होरं जायचं म्हंजी बरी पायजे."

समरीनला आधी वाटलं त्या टोचून बोलतायत. तसं नव्हतं. त्या खरंच विचारत होत्या.

"अम्मा, तुम्ही जाणार?"

"जाया नगं? पोरीचं नाव लागलंय. न्हाई ग्येले तर म्हनत्याल, म्हातारी परत फिरली, आन् पुन्ना काडत्याल. मला काय, नारळ घ्यायचा आन् यायचं. त्येंनी दोन शब्द बोला म्हनलं तर म्हनीन, बोलाया येत न्हाई." त्यांनी हिरव्या साडीची घडी उलगडून उजेडात धरली, एका ठिकाणी कसर लागली होती, ती बोटानं चाचपली. "मोतियाच बरी. तुला इस्त्री कराया वेळ हाय का?"

समरीननं साडी घेतली. इस्त्री तापत ठेवली. तापेपर्यंत ती तिथंच उभी राहिली आणि डोळ्यांपुढं सोमवार आणत राहिली. शाळेच्या पटांगणात सहाशे पोरं, पुढं पांढरट केसांवर पदर घेतलेली, मोतिया साडीतली ही बाई, जिनं काहीच केलं नव्हतं, हात पुढं करून शाल घेतेय, आणि सगळे तिला माफ करतायत. आपण पालकांच्या रांगेत उभ्या. आपणही टाळ्या वाजवायच्या.

तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं.

खरं सांगितलं तर काय होईल हेही तिनं डोळ्यांपुढं आणून बघितलं. माहेरी कळेल. पीरमहंमद पंच्याहत्तरीचे होते, अजून कात्रणं जपून ठेवत होते. राजू सरांना कळेल. शिवणाच्या बायका पाठीमागं बोलतील, आणि 'इष्टेटची' म्हणून जी काय थोडी ओळख उरलीय ती जाईल. शाळेतल्या पोरी सायमाला चिडवतील, तुझी अम्मी माईकवर खोटं बोलली. यातलं काहीही टळणार नव्हतं. तिला वाटलं होतं विचार केल्यावर यातलं काहीतरी लहान होईल. झालं नाही.

दुपारी चौघं जेवायला बसली. रविवार म्हणून मटण होतं. शहनवाज कालपासून तिच्याशी कामापुरतं बोलत होता. जोहराबी नातीच्या ताटात नळी वाढत होत्या, बारामतीला थंडी असते का, स्वेटर न्यायचा का, विचारत होत्या. सायमा म्हणाली, "दादी, सत्काराला फोटो काढतील, तू हसायचंस हं."

"दात न्हाईत मला हसाया," जोहराबी म्हणाल्या.

समरीननं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"सोमवारी अम्मा शाळेत जाणार नाहीत," ती म्हणाली. "मी जाणार आहे. परिपाठाला माईक मागून सांगणार आहे, की मला घरात कुणीच अडवलं नव्हतं. बूटसुद्धा सासूनंच आणून दिले होते. मी अकरा सेकंदांत बाद झाले, त्याची लाज वाटली म्हणून खेळ सोडला, आणि आज मला टेकडी चढता येत नाही, ते माझ्यामुळे. ग्रुपवर पण हेच टाकणार आहे. सायमाचा फॉर्म सरांच्या हातात देऊनच घरी येईन. अहो, उद्या दुकान तुम्ही उघडा, जांब्याच्या खोळी दुपारनंतर होतील. आणि सायमा, तुला तिथं उभं राहायची लाज वाटत असेल, तर उद्या शाळेला नाही गेलीस तरी चालेल. मी जाणार आहे."